आधी व्हॅन कोरडी करा, मग सजवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या व्हॅनचे फिरते घर करून कोकणात किंवा भंडारदऱ्याला मुक्कामी जाण्याची हौस ठाणे आणि नवी मुंबईत वाढते आहे. वर्तमानपत्रांत त्याचे फोटो येतात. लाकडी कपाटे, खिडकीला पडदे, छतावर सौर पॅनेल असे सगळे देखणे दिसते. तीच व्हॅन पुढच्या जूनमध्ये छताच्या पन्हाळीतून गळू लागते आणि गादीखालचा प्लाय भिजून फुगतो. त्या वेळचा फोटो मात्र कुठे येत नाही. हौस करणाऱ्यांना कामाची खरी आखणी कळावी, म्हणून हे सविस्तर पत्र.

बहुतेक कामे पैसे कमी पडले म्हणून नव्हे, क्रम उलटा लावला म्हणून वाया जातात. क्रम असा हवा: आधी कागद, मग पत्रा, मग ब्रेक आणि इंजिन, मग वायरिंग आणि सगळ्यात शेवटी सुतारकाम. गाडी घेतल्याच्या आठवड्यातच लोक सुताराला बोलावतात, ते पाहून जीव तुटतो. कारण पुढे वेल्डिंगसाठी ते सगळे उखडावे लागते.

आपल्याकडे ही हौस मुख्यतः तीन गाड्यांभोवती फिरते. पहिली फोक्सवॅगनची टाइप २, म्हणजे लोकांच्या तोंडची कोंबी. १९५० पासून निघालेली ही गाडी ब्राझीलमध्ये २०१३ च्या अखेरपर्यंत बनत होती, त्यामुळे तिचे सुटे भाग आजही परदेशातून मिळतात. मात्र तेवढी जुनी आख्खी गाडी बाहेरून आणण्याचा विचार सोडून द्यावा, कारण आपले आयातीचे नियम तिच्या आड येतात. इथेच नोंदलेली, कागद असलेली गाडी मिळाली तरच पुढे जावे. दुसरी बजाज टेम्पोची मॅटाडोर, जिने कधी भाजी, कधी शाळेची मुले, तर कधी रुग्ण वाहिले. तिसरी मारुती व्हॅन. ती १९८४ मध्ये आली, पुढे ओम्नी झाली आणि २०१९ पर्यंत बनत राहिली. ओम्नीचे भाग गल्लोगल्ली मिळतात. मॅटाडोरची गोष्ट वेगळी. नंतरच्या मॅटाडोरमधले मर्सिडीजच्या परवान्यावरचे ओएम ६१६ डिझेल इंजिन त्याच कंपनीच्या ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलरलाही होते, त्यामुळे रिंग-पिस्टनपासून नोझलपर्यंत बरेच काही जमवता येते. अडते ते पुढच्या काचेवर, काचेच्या रबरावर, दाराच्या कड्या-बिजागऱ्यांवर. सपाट काच मापाने कापून घेता येते, वक्र काच तशी मिळत नाही, आणि टफन्ड काच तर एकदा पक्की झाल्यावर कापताच येत नाही. म्हणून गाडी पाहायला गेल्यावर इंजिनचा आवाज ऐकण्याआधी पुढची काच, दिवे, रबर आणि बिजागऱ्या मोजाव्यात.

आता कागद. चेसिस नंबरवर पातळ कागद धरून पेन्सिलीने छाप घ्यावी आणि ती आरसी बुकातल्या आकड्यांशी एकेक अक्षर जुळवावी. इंजिन नंबरचेही तसेच. इंजिन कधी बदलले असेल आणि त्याची नोंद आरसीवर नसेल, तर विकणाऱ्याकडून आधी ती करवून घ्यावी. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, जुने कर्ज असेल तर ते उतरवायला फॉर्म ३५, आणि गाडी दुसऱ्या कार्यालयाच्या हद्दीतली असेल तर फॉर्म २८ ची ना हरकत. हे हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नयेत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि फॉर्म २५ भरून पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. २० वर्षांपुढच्या हलक्या मोटारींना त्यासाठी २०२५ पासून १० हजार रुपये शुल्क आहे, पर्यावरण कर वेगळा. नोंदणी बरीच वर्षे थकलेली असेल, तर उशिराचा भुर्दंड महिन्यांच्या हिशेबाने चढतो. तो गाडीच्या किमतीत धरूनच घासाघीस करावी.

इथे एक गैरसमज फार पसरला आहे. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांपुढच्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची व्हिंटेज नोंदणी मिळते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत १० वर्षे. पाटी रुबाबदार दिसते हे खरे. पण त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच ती बाहेर काढता येते. शिवाय चेसिस, सांगाडा आणि इंजिन मूळ रूपात असावे लागते. ज्याला व्हॅनमध्ये झोपून गणपतीपुळ्याला जायचे आहे, त्याच्यासाठी हा रस्ता नाही, त्याने साधी नोंदणीच वाढवून घ्यावी. आणि रंग, इंजिन, आसनसंख्या किंवा बॉडीचा प्रकार बदलायचा असेल, तर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ लक्षात ठेवून आधी आरटीओत विचारावे, मग कटर हातात घ्यावा. छत कापून उघडणारे टप बसवणे हा त्यातला सर्वांत मोठा बदल. तो मंजुरीशिवाय करू नये.

यानंतर वेळापत्रक, आणि आपल्याकडे ते पाऊसच ठरवतो. उघडा, घासलेला पत्रा पावसाळ्यात ठाण्यात रात्रभरात तांबूस होतो. ऐरोली, वाशी, बेलापूरला खाडीच्या खाऱ्या वाऱ्यात तर विचारायलाच नको. म्हणून ऑक्टोबरमध्ये गाडीचे भाग सोडवायला घ्यावेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पत्रा आणि प्रायमर. मार्च-एप्रिलमध्ये रंग. मे ते सप्टेंबर आत बसून करण्याची कामे: इंजिन, ब्रेकचे सिलिंडर, वायरिंग, आसनांचे शिवणकाम. जूनमध्ये पत्रा कापायला घेतला की मिस्त्री सकाळी वेल्ड करतो आणि संध्याकाळी त्याच जागेवर गंज पुसत बसतो. पावसाळी हवेत मारलेल्या रंगाखाली ओल अडकते आणि वर्षभरात फोड येतात. दोष मग रंगाच्या कंपनीला दिला जातो.

गाडी उभी कुठे करायची तेही आधी ठरवावे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ग्राइंडर चालवता येत नाही आणि वेल्डिंगची ठिणगी शेजारच्या गाडीच्या काचेवर कायमचा डाग पाडते. वागळे इस्टेट, रबाळे किंवा तुर्भ्याच्या औद्योगिक पट्ट्यात पत्र्याच्या शेडखाली चार-पाच महिन्यांची जागा मिळाली तर उत्तम. भाडे वाचवण्यासाठी गाडी उघड्यावर निळ्या ताडपत्रीखाली ठेवू नये. ताडपत्री अंगाला चिकटली की आतली वाफ बाहेर जात नाही आणि गाडी पावसात भिजून गंजली नसती तेवढी झाकणाखाली गंजते. झाकायचेच असेल तर बांबूच्या सांगाड्यावर हातभर अंतर ठेवून झाकावे.

सोडवताना प्रत्येक जोडाचे दोन फोटो काढावेत, एक लांबून, एक जवळून. नट-बोल्ट जागेनुसार वेगळ्या पिशवीत ठेवावेत. चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी. बॉलपेनची शाई आणि मास्किंग टेपचा डिंक दोन्ही आपल्या दमट हवेत टिकत नाहीत. सहा महिन्यांनी पिशवीत नुसते बोल्ट उरतात आणि ते कुठले हे कोणालाच आठवत नाही.

पत्र्याच्या कामाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण व्हॅन तगते की मरते ते इथे ठरते. अशा खोक्यासारख्या गाडीला वेगळी भक्कम चौकट क्वचितच असते. दाराखालचा उंबरा, म्हणजे सिल, आणि जमिनीखालचे आडवे पट्टे मिळूनच तिचा कणा बनतो. बाहेरून चकाचक दिसणाऱ्या सिलवर लोहचुंबक फिरवावे. जिथे ते धरत नाही तिथे रंगाखाली लांबी, म्हणजे पुटी, भरलेली आहे. मग जुना स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जॅक लावायच्या जागा, चाकांच्या कमानीचा आतला काठ, पुढच्या पत्र्याचा तळ, बॅटरीखालचा ट्रे, ड्रायव्हरच्या पायाखालची जमीन, छताची पन्हाळ आणि काचेच्या रबराखालची चौकट दाबून पाहावी. निरोगी पत्रा खणखणतो. सडलेला पत्रा बिस्किटासारखा मोडतो आणि आतून तपकिरी खपल्या गळतात. काचेच्या चौकटीतला गंज विशेष फसवा असतो. तिथून झिरपलेले पाणी आतल्या बाजूने उतरून केबिनच्या जमिनीत साचते, म्हणून पायाखालचा नवा पत्रा बसवूनही दोन वर्षांत तो पुन्हा सडतो. वरचे भोक आधी बुजवावे, मगच खालचा पत्रा बदलावा.

सिल कापताना गाडी मधोमध जॅकवर टांगू नये. ती चाकांवर किंवा चाकांच्या जवळ भक्कम स्टँडवर सपाट उभी असावी. दाराच्या पोकळीत २५ मिलिमीटरच्या चौकोनी पाइपचे आडवे-तिरके टेकू टाकावेत, कर्ण मोजून भिंतीवर लिहून ठेवावेत आणि एका वेळी एकच बाजू कापावी. ही काळजी घेतली नाही, तर गाडी मध्ये खचते आणि नवे सिल पक्के झाल्यावर कळते की सरकते दार आता लागतच नाही. तेव्हा काही करता येत नाही, कापलेले पुन्हा कापावे लागते.

बाहेरच्या पत्र्याला २० गेज, सिलच्या आतल्या आणि भार घेणाऱ्या भागाला १८ गेज सीआरसी, म्हणजे थंड लाटलेला, पत्रा घ्यावा. गॅल्व्हनाइज्ड पत्रा वेल्ड केल्यास जस्ताचा धूर येतो, तो छातीत भरतो आणि वेल्डही सच्छिद्र होतो. जोड मिग वेल्डिंगने, ०.८ मिलिमीटर तारेने, इंच-इंच अंतरावर टाके घालत आणि जागा बदलत करावा. एका ओळीत सरळ ओढत नेले किंवा गॅस वेल्डिंग केले, तर व्हॅनची मोठी सपाट बाजू लाटांसारखी वाकते आणि मग ती सपाट दिसावी म्हणून किलोकिलोने लांबी भरली जाते. सँड ब्लास्टिंग खालच्या सांगाड्यापुरतेच ठेवावे. छताला आणि बाजूंना ते लावले की पत्रा ताणून फुगतो. चेसिस नंबर असलेला तुकडा कोणत्याही परिस्थितीत कापू नये. तो गेला की गाडीची ओळखच गेली.

उघड्या पत्र्यावर रेड ऑक्साइड मारून आठवडे थांबण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. तो थर सच्छिद्र असतो, ओल आत जाते. त्याऐवजी घासल्याच्या दिवशीच दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर मारावा, जोडांवर सीलर भरावा आणि रंग झाल्यावर सिलच्या पोकळीत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स सोडावे. सिलच्या तळाची पाणी जाण्याची भोके मात्र सीलर किंवा अंडरकोटने बुजवू नयेत. हाताने पत्रा ठोकून गोलाई आणणारे कारागीर आता मोजके उरले आहेत. आयटीआयमध्ये शीट मेटलचा अभ्यासक्रम आहे. तिथल्या मुलांना अशा गाड्यांवर हात चालवायला मिळाला, तर दोघांचेही भले होईल असे मनापासून वाटते.

ब्रेकबद्दल तडजोड नको. वर्षानुवर्षे उभ्या गाडीत ब्रेक ऑइलने हवेतली ओल शोषलेली असते आणि चाकातल्या सिलिंडरला आतून खड्डे पडलेले असतात. नुसते वॉशर बदलून ते चार दिवस चालते आणि उतारावर गळते. सगळे सिलिंडर, सगळे रबरी होज आणि जिथे गंज आहे त्या नळ्या बदलाव्यात. जुना होज बाहेरून ठीक दिसतो, पण आतून फुगून एकाच दिशेने तेल जाऊ देतो. मग पाय काढल्यावरही चाक आवळलेले राहते आणि ड्रम तापतो. टायरला नक्षी शिल्लक असली तरी बाजूवरचा आठवडा-वर्षाचा चार आकडी शिक्का पाहावा. सहा वर्षांवरचे टायर बदलावेत. कोंबीसारख्या व्हॅनला १८५ आर १४ सी म्हणजे भार वाहणारे टायर लागतात. मोटारीचे मऊ टायर घातले की पूल ओलांडताना आडव्या वाऱ्यात गाडी डुलते.

बरीच वर्षे बंद असलेले इंजिन बॅटरी लावून सेल्फ मारून पाहू नये. प्लग किंवा नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे, रात्रभर ठेवावे आणि पान्याने हाताने फिरवावे. कोंबीच्या १६०० सीसी इंजिनात पुलीला धरून पुढे-मागे ढकलून क्रँकची हालचाल मोजावी. ०.१५ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर इंजिन खोलण्याला पर्याय नाही. व्हॉल्व्हचे अंतर थंड इंजिनावर ०.१५ मिलिमीटर, तेल अडीच लिटर. हे इंजिन पंख्याच्या हवेवर थंड होते, म्हणून त्याच्याभोवतीचे पत्र्याचे आवरण आणि कडेचे रबर ही शोभा नव्हे. ते नसेल तर खालची तापलेली हवा पुन्हा वर ओढली जाते आणि कसारा घाटात तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळण्याची वेळ येते. १९७१ च्या आसपासपर्यंतच्या इंजिनांत ऑइल कूलर नेमका त्याच सिलिंडरची हवा अडवून बसलेला असे, हे त्यामागचे मूळ कारण.

पेट्रोलच्या नळीबद्दल तर ओरडून सांगावेसे वाटते. जुन्या कोंबी जळतात त्या बहुधा तडकलेल्या नळीमुळे. वर कार्ब्युरेटर, खाली तापलेले इंजिन, मध्ये वीस वर्षांची रबरी नळी. आता पंपांवर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि ते जुने रबर, कॉर्कचे गॅस्केट फुगवते किंवा विरघळवते. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतची प्रत्येक नळी इथेनॉल सोसणाऱ्या जे३०आर९ दर्जाची घ्यावी आणि क्लिपने आवळावी. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर इथेनॉल ओल शोषून टाकीच्या तळाला पाणी साठवते, म्हणून टाकी एकतर काठोकाठ ठेवावी किंवा रिकामी. गंजलेली टाकी झाळायला नेण्याआधी ती पूर्ण धुऊन वाफविरहित केलेली असावी. झाळताना वाफ उरलेली रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते.

विजेचा हिशेब कागदावर करून मगच बॅटरी घ्यावी. २० वॉटचा पंखा आठ तास म्हणजे १६० वॉट-तास. दिवे आणि मोबाइल मिळून १०० धरा. ४५ वॉटचा छोटा फ्रिज दिवसात निम्मा वेळ चालला तरी ५४० होतात. एकूण ८००, म्हणजे १२ व्होल्टवर ६७ अँपिअर-तास. साधी १०० अँपिअर-तासांची लेड-अॅसिड बॅटरी निम्म्यापर्यंतच वापरावी, त्यामुळे तिचे खरे हाती लागणारे ५०. इथेच बहुतेकांचे गणित चुकते आणि फ्रिज पहाटे बंद पडतो. तेवढ्यासाठी एकतर तशा दोन बॅटऱ्या किंवा १०० ची एक लिथियम आयर्न फॉस्फेट लागते. ही बॅटरी गाडीच्या बॅटरीपासून रिलेने वेगळी ठेवावी, नाहीतर सकाळी सेल्फ लागत नाही. जुना डायनामो हा भार पेलत नाही, अल्टरनेटर बसवावा. बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज हवाच. एखादी तार जाऊन-येऊन १० मीटर असेल आणि तिच्यातून १० अँपिअर जात असतील, तर २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत जवळजवळ ०.७ व्होल्ट वाटेतच जातात. ६ चौरस मिलिमीटर वापरली की ०.३ वर येतात.

सुतारकामाला हात लावण्याआधी गाडी एक पावसाळा नुसत्या पत्र्यावर काढावी, ही माझी आग्रहाची विनंती. तेवढा धीर नसेल तर नळाच्या पाइपने खालून सुरुवात करून वर जात, प्रत्येक काचेवर आणि जोडावर पंधरा मिनिटे पाणी मारावे आणि आत दुसऱ्याने टॉर्च घेऊन बसावे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळते आणि गळती नेमकी कुठली हे समजत नाही. अस्तराच्या आत काचलोकर भरू नये, ती ओल धरून ठेवते. बंद पेशींचा नायट्राइल फोम पत्र्याला पूर्ण चिकटवावा. प्लाय १८ ऐवजी १२ मिलिमीटरचा, आयएस ७१० दर्जाचा, म्हणजे मरीन प्लाय, घ्यावा. आठ बाय चारचा १८ मिलिमीटरचा ताव ३५ किलोंच्या आसपास भरतो, १२ चा २४ किलोंच्या. सहा तावांत एका माणसाचे वजन वाचते. त्यावर ४० लिटर पाणी म्हणजे ४० किलो. जड वस्तू खाली आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये. आडव्या बाकावर प्रवासात कोणाला बसवू नये.

स्वयंपाकाचा गॅस पाच किलोंच्या सिलिंडरपुरता ठेवावा आणि तो आतून बंद पेटीत, उभा, पट्ट्याने आवळलेला असावा. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने खिडकी उघडी ठेवून तो जात नाही, जमिनीवर साचतो. पेटीच्या तळातून थेट गाडीखाली उघडणारे भोक हवे आणि ते सामानाने बुजता कामा नये. रबरी नळीवरची मुदत पाहून ती बदलावी. शेगडी पेटवून ऊब घेत कोणीही झोपू नये.

गाडी तयार झाल्यावर पहिले शंभर किलोमीटर घरापासून टप्प्यात, रिकाम्या गाडीने. मग चाकांचे नट पुन्हा आवळावेत, ब्रेकच्या नळ्यांचे जोड बोटाने पुसून पाहावेत. इंजिन खोलले असेल तर ५०० किलोमीटरवर तेल बदलून व्हॉल्व्हचे अंतर पुन्हा लावावे. त्यानंतर पूर्ण सामान आणि पाणी भरून एखाद्या वजनकाट्यावर पुढची-मागची चाके वेगवेगळी तोलून घ्यावीत, आरसीतल्या आकड्याशी ताडून पाहावीत, आणि मगच घाटाकडे निघावे.

कळावे,
आपला नियमित वाचक,
ठाणे (पश्चिम)